ब्लूजच्या मैफलीत झील

मी हे लिहावं इतका माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात आजवर लिहिण्याचं काम म्हणजे सात-बाऱ्याच्या अर्जावरचा अंगठा आणि लग्नपत्रिकेवरची पाहुण्यांची नावं. कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गाण्यातलं मला काही कळत नाही आणि इंग्रजी गाण्यातलं तर त्याहून नाही. इंग्रजीच्या मॅडमनी सोलापूरच्या एका गिटारच्या कार्यक्रमाचे दोन पास माझ्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, "मल्लिकार्जुन, जाऊन ये आणि आपल्या वार्षिक अंकासाठी लिही. तिथं कसं बसायचं, काय ऐकायचं, काय होतं. पुढच्या वेळी बाकीची मुलं बुजणार नाहीत."

तेवढंच लिहायचं मी ठरवलं होतं. पण माझ्यासोबत काका होते, आणि काकांना वगळून त्या दिवसाचं काही लिहिताच येत नाही. जे जास्तीचं वाटेल ते मॅडमनी खुशाल खोडावं.

मैंदर्गी, शनिवार सकाळ

काका दर दोन महिन्यांनी सोलापूरला जातात. त्यांच्या पिशवीत भाकरी असते, चटणी असते आणि माझ्या वडिलांचा फोटो असतो. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. सव्वा वर्षापूर्वी, भाद्रपदात, अप्पा घरातून गेले. सकाळच्या पहिल्या एसटीनं अक्कलकोटला उतरले, एवढं कंडक्टरनं सांगितलं. त्यापुढं काहीच नाही.

का गेले ते सांगायला भजनाचं थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे एकजण पुढं बसून ओळ टाकतो आणि मागचे ती उचलतात. या उचलण्याला झील धरणं म्हणतात. अप्पा पुढं बसायचे, काका त्यांच्या मागं. तीस वर्षं असंच. काही पदं अप्पांनी स्वतः जुळवली होती. त्यांना लिहिता येत नव्हतं, तोंडीच जुळवायचे. त्यातलं एक असं सुरू व्हायचं:

*वाट गेली ओढ्यापाशी, पाऊल राहिलं मागं.*

मागून काका आणि बाकीचे म्हणायचे, "राहिलं मागं, गड्या, राहिलं मागं." मग अप्पा दुसरी ओळ टाकायचे:

*घरानं हाक मारली रं, ओ द्यावी कुणी सांग.*

ते जाण्याच्या आदल्या रात्री, गुरुवारच्या भजनात, अप्पांनी पहिली ओळ टाकली, झील झाली आणि अप्पा थांबले. टाळ चालू होते. अप्पांनी पुन्हा पहिलीच ओळ म्हटली आणि पुन्हा थांबले. त्यांचेच शब्द, आणि ते त्यांना सापडत नव्हते. काकांनी थोडं थांबून दुसरी ओळ स्वतः म्हणून टाकली. आमच्यात झीलकऱ्यानं पुढच्याच्या तोंडातली ओळ काढून घ्यायची नसते. कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, "आता धाकट्यालाच पुढं बसवा की." अप्पांनी वीणा खाली ठेवली आणि उठून गेले. दुसऱ्या सकाळी ते घरात नव्हते.

आता मागं वळून बघताना कळतं की त्याआधी बरेच दिवस अप्पा विसरत होते. विहिरीवरची मोटार चालू तशीच सोडून रानातून परत यायचे. मला काकांच्या नावानं हाक मारायचे. आम्ही हसायचो. त्या गुरुवारनंतर काका भजनाला बसले नाहीत आणि गायलेही नाहीत.

माझ्याकडे दुसरा पास होता. मित्र येणार होता, त्यानं ऐनवेळी नाही म्हटलं. एसटीत मी काकांना विचारलं, "संध्याकाळी माझ्याबरोबर येता का? गाण्याचा कार्यक्रम आहे. ब्लूज म्हणतात."

"म्हंजे?"

मॅडमनी सांगितलं होतं तेवढं मी सांगितलं. अमेरिकेत कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या लोकांचं हे गाणं. दुःखाचं असतं. एकटा माणूस गिटार घेऊन गातो.

"कापूस येचताना गायचे व्हय?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मग एकटा कशाला गातोय? रानात कुणी एकटं गातं का?"



सोलापूर, स्टेशन

काकांचा फेरा ठरलेला असतो. आधी एसटी स्टँड, मग सरकारी दवाखाना, शेवटी रेल्वे स्टेशनची पोलीस चौकी. पहिल्या दोन ठिकाणी नेहमीप्रमाणे नाही म्हणाले. चौकीतले हवालदार काकांना ओळखतात.

"या मामा. तुमची हजेरी आमच्या सायबापेक्षा पक्की हाय."

या वेळी त्यांनी नवा फॉर्म दिला. जुने कागद शेजारच्या जिल्ह्यांत गेलेच नव्हते म्हणे, हे जातील. पूर्वी काका अंगठा द्यायचे आणि हवालदार भरायचे. या वेळी मी भरला. बसवंत, वय अठ्ठावन्न, रंग सावळा, उजव्या भुवईवर व्रण. ओळखीच्या खुणांसाठी चार रेघा होत्या. दोन भरल्या.

"आणखी काय?" हवालदारांनी विचारलं.

काका म्हणाले, "गातो."

"गाणारे लई हायेत, मामा. ह्या फलाटावरच तीन हायेत."

"त्यो त्याचं त्यो गातो. दुसऱ्या कुणाला ते येत न्हाय."

मी तिसऱ्या रेघेवर लिहिलं, 'वाट गेली ओढ्यापाशी, पाऊल राहिलं मागं.' चौथी रेघ उरली होती. तिथं दुसरी ओळ लिहायला लागलो तर काकांनी माझं मनगट धरलं.

"ती नगं."

हवालदारांनी फॉर्म वाचला. "गाणं कुटं खूण असतंय व्हय?" मग त्यांनी शिक्का मारला. "असू दे. जागा हाय तर लिवलं, बिघडत न्हाय."

नरसय्यांच्या घरी

दुपारी आम्ही नरसय्यांकडे गेलो. काका तरुणपणी चार वर्षं सोलापुरात मागावर कामाला होते, नरसय्या तेव्हाचे त्यांचे जोडीदार. पॉवरलूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलतात. घरात तेलुगू चालतं. त्यांच्या बायकोनं, काका त्यांना वहिनी म्हणतात, चिंचेचा भात आणि पातळ वरण वाढलं. आम्ही आणलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी नरसय्यांनी आपल्या ताटात ओढून घेतली आणि आम्हाला भात घ्या म्हणाले. चटणी आमच्या हातची म्हणून त्यांना आवडते, आणि आम्हाला त्यांचा भात आवडतो. दोन्ही घरांना हे माहीत आहे, तरी दर वेळी आग्रह होतोच.

"विंग्रजी गाणं?" नरसय्या ओरडले. "तुला काय कळणार रे त्यात?"

"तुज्या घरात तेलगू तरी कुटं कळतंय मला?" काका म्हणाले. "जेवतोय की."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मग नरसय्यांनी आवाज जमेल तेवढा खाली आणून विचारलं, "बसवंतचं काय कळालं का काय?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. नरसय्या उठून आत गेले आणि एक कोरा टॉवेल घेऊन आले. गाणाऱ्याकडे मोकळ्या हातानं जाऊ नये, म्हणाले.

सभागृह

आता मॅडमनी सांगितलेलं लिहितो.

कार्यक्रम एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. शंभरेक खुर्च्या, समोर लाकडाचा बुटका मंच, त्यावर एक खुर्ची, एक माईक आणि पाण्याची बाटली. मोठे स्पीकर नाहीत, रंगीत दिवे नाहीत. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राची कल्पना करून गेलात तर फसाल. दारात मी आणि काकांनी चपला काढल्या, कारण गाण्याच्या ठिकाणी चपला काढतात. आत बसल्यावर लक्षात आलं की बाकी सगळे बूट घालूनच बसले आहेत आणि दारात आमच्याच दोन जोड्या आहेत. मी काकांना म्हटलं, घालून येऊ का. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यांचं त्यांच्यापाशी."

गाणारे गृहस्थ साठीचे होते, शिलाँगकडचे. अंगात साधा चौकटीचा शर्ट. आल्याआल्या त्यांनी गाणं सुरू केलं नाही. तारा पिळत, कान लावत बसले. आपल्याकडे मृदंगाला कणीक लावताना बसतात, तसं. त्याला पाच-सात मिनिटं लागतात आणि प्रत्येक दोन गाण्यांनंतर ते पुन्हा होतं. कंटाळू नका. त्या वेळात ते गोष्टी सांगतात. इंग्रजी हळू असतं, निम्मं कळतं.

करंगळीत ते काचेची एक नळी घालतात आणि ती तारेवरून सरकवतात. तेव्हा गिटारमधून जो आवाज येतो तो वाजवल्यासारखा वाटतच नाही. कुणीतरी लांबून हाक मारतंय असं वाटतं. जवळ बसलात तर बोटं तारेवरून घसरल्याची कुरकुर ऐकू येते आणि बूट लाकडावर आपटून ते ताल धरतात तोही. म्हणून पुढं बसा. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो.

गाण्याची रीत अशी असते. ते एक ओळ म्हणतात. मग गप्प होतात आणि तेवढ्या जागेत गिटार वाजते. मग तीच ओळ पुन्हा, पुन्हा गिटार. मग तिसरी ओळ, जिच्यात आधीच्या दोन ओळींचं उत्तर असतं. असं कडव्यामागून कडवं. पहिल्या गाण्यात एक माणूस स्टेशनवर उभा होता आणि त्याचं माणूस गाडीनं गेलं होतं, एवढं मला कळलं. काकांच्या कानात मी तेवढं सांगितलं.

दुसरं कडवं सुरू झालं. त्यांनी ओळ म्हटली आणि ते थांबले, आणि काकांनी झील धरली.

शब्द नव्हतेच. नुसता आवाज, ओळीच्या शेवटच्या चढाला धरून, मोठ्यानं, भजनात धरतात तसा. सव्वा वर्षात पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. मागच्या रांगेतला एकजण फिसकन हसला. खुर्च्यांच्या कडेला उभ्या असलेल्या आयोजक बाई वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्यांना सांगा ना, मध्ये बोलायचं नसतं." खरं सांगतो, त्या क्षणी मला काका माझे नसते तर बरं असं वाटलं. ते वाटल्याची लाज मला अजून आहे.

काकांना काही कळेना. "मागं कुणीच न्हाय," ते मला समजावून सांगू लागले. "त्यानं वळ टाकली. कुणी उचलंना. वळ तशीच पडू द्यायची व्हय?"

"काका, गिटार उचलते. त्यांच्यात तसंच असतं."

काकांनी गिटारकडे बघितलं. मग हळू म्हणाले, "माणूस न्हाई म्हणून लाकूड झील धरतंय."

गाणारे मात्र रागावले नव्हते. कडवं संपवून त्यांनी आमच्या दिशेनं मान लववली आणि काहीतरी बोलले. लोक हसले, या वेळी चांगलं हसले. मला एवढंच कळलं की असं उत्तर पूर्वी लोक द्यायचे आणि आता देत नाहीत, असं काहीसं. म्हणजे तुम्ही गेलात आणि तोंडून एखादं 'वा' गेलं, तर घाबरू नका. पण काकांनी नंतर झील धरली नाही.

मध्यंतरात चहा मिळतो. बिस्किटं लवकर संपतात.

शेवटून दुसऱ्या गाण्यात जे झालं ते मी जमेल तेवढं नीट लिहितो. संथ गाणं होतं. त्यांनी ओळ म्हटली, गिटार वाजली. पुन्हा तीच ओळ, पुन्हा गिटार. आता तिसरी यायला हवी. ती आली नाही. ते तोंड उघडून थांबले होते. गिटार चालूच होती, तेच वळण घेऊन परत जागेवर येत होती. पहिल्यांदा वाटलं, मुद्दाम असेल. दुसऱ्यांदा गिटार फिरून आली तेव्हा लोकांना कळलं की ते विसरले आहेत. आमच्या पुढच्याच रांगेतल्या एका मुलानं, त्याला ते गाणं पाठ असावं, पुढचे शब्द हळूच म्हणायला सुरुवात केली.

काका पुढं वाकले आणि त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. जोरात नाही. मुलगा गप्प झाला. मग काका मागं टेकले आणि उजव्या हातानं स्वतःच्या मांडीवर ताल धरू लागले. नुसता ताल. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. डावा हात माझ्या गुडघ्यावर होता. गिटार तिसऱ्यांदा फिरली. चौथ्यांदा. काका मांडीवर थाप देत राहिले, घाई नाही, एकसारखी.

मग ओळ आली. काय होती ती मला कळली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी नरसय्यांचा कोरा टॉवेल पिशवीतून काढला, तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"थांबायचं हुतं," ते टॉवेलातूनच म्हणाले. "येवडंच करायचं हुतं, मल्लू. आली असती त्याला."

कार्यक्रम संपल्यावर काका मंचापाशी गेले आणि तो टॉवेल गाणाऱ्यांच्या खांद्यावर घातला. ओला झाला होता थोडा. मी इंग्रजीत जुळवाजुळव करून सांगितलं की आमच्याकडे गाणाऱ्याचा असा मान करतात. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी धरला आणि काकांना विचारलं, तुम्ही गाता का. मी ते मराठीत सांगितलं.

"न्हाय," काका म्हणाले. "मी मागं असतो."

हे इंग्रजीत कसं सांगायचं मला येईना. मी म्हटलं, ते उत्तर देतात. गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, मी थांबलो तेव्हा मला फक्त एक हात दिसत होता, मी त्या हाताकडे बघत होतो. हे मी काकांना सांगितलं. काकांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं आणि तो सदऱ्याला पुसला.

दारात आमच्या चपला तशाच होत्या.

मैंदर्गी, परत आल्यावर

रविवारी दुपारी आम्ही घरी पोचलो. आईनं दारातच काकांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. दर वेळी ती तसंच करते. काका मात्र या वेळी आपण होऊन बोलले. "वैनी, दादा आला की मी त्येच्या मागं बसनार हाय. त्यो किती का थांबंना." आई म्हणाली, "या आधी. हातपाय धुवा."

पुढच्या गुरुवारी काका भजनाला गेले. पुढं अप्पांची जागा मोकळी ठेवलेली होती, तिच्या मागं आपल्या जागेवर बसले आणि दुसऱ्यांच्या पदांना झील धरून आले. अप्पांचं पद कुणी काढलं नाही.

इथवर लिहून हे मी मॅडमना देणार होतो. पण तीन आठवड्यांनी, बुधवारी, स्टेशनच्या चौकीतून फोन आला. हवालदारांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. विजापूरकडच्या एका निराधारांच्या आश्रमात फॉर्म पोचला होता. फोटोवरून तिथं कुणी ओळखलं नव्हतं, दाढी वाढली की माणूस बदलतो. पण तिथल्या स्वयंपाक्यानं तिसरी रेघ कुणाकडून तरी वाचून घेतली होती. हवालदारांनी त्याचा नंबर दिला.

आम्ही आई समोर बसलेली असताना फोन लावला. स्वयंपाकी कानडी बोलत होता आणि काका त्याच्याशी कानडीतच बोलले. मला कानडी पुरतं येत नाही, पण हे कळलं. त्या माणसाला आपलं नाव सांगता येत नव्हतं. गावही नाही. भुवईवर व्रण होता. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी पडवीत बसून एक ओळ म्हणायचा. ओढ्याची. म्हणायचा, असं स्वयंपाकी म्हणाला. दिवाळीच्या आठ दिवस आधी ताप आला, दोन दिवसांत माणूस गेला. नाव नसल्यामुळे आश्रमवाल्यांनीच आपल्या परीनं शेवटचं सगळं नीट केलं.

आम्ही सोलापूरला त्या खुर्च्यांवर बसलो होतो तेव्हा अप्पांना जाऊन तीन महिने होत आले होते.

आईला काही सांगावं लागलं नाही. तिनं भिंतीला डोकं टेकलं होतं.

काकांनी फोन कानाला दाबून धरला आणि विचारलं की ती ओळ म्हटल्यावर तो काय करायचा.

थांबायचा, स्वयंपाकी म्हणाला. तोंड जरा उघडं ठेवून, आमच्याकडे बघत, बराच वेळ थांबायचा. मग परत तीच ओळ. मग परत थांबायचा.

काकांनी विचारलं, मागून कुणी काही म्हणायचं का.

नाही हो, तो म्हणाला. आम्हाला वाटायचं, त्यांचं गाणं तेवढंच आहे.